उजवा हात खिशात

आमच्या मराठी मंडळाला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय जेवण पचत नाही. दुबई-शारजातले डॉक्टर झाले, बिल्डर झाले, एका कॅटररचा तर दोनदा झाला. यंदा माणूसच मिळेना. तेव्हा माझ्या साडूंना, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांना, आठवलं की माझ्या मुलीला पिस्तूल नेमबाजी शिकवणाऱ्या बाई फ्रान्सच्या आहेत, देशाकडून कितीतरी वर्षं खेळतायत.

"फ्रेंच!" साडू खूश झाले. नेमबाजीबद्दल त्यांनी एकच विचारलं, "पिस्तूल आणतील ना? फोटोत बरं दिसेल."

अल नहदातल्या हॉटेलचा हॉल. माझ्या हाती शालीचं तबक. माझ्या तोंडावर बायकोचा विश्वास नाही, म्हणून माइक लांब. दारातच मुलीने गाठलं.

"बाबा, उद्या सकाळी तिची मॅच आहे. नीट नाही झाली तर टीममधून आउट. प्लीज, तिला काही हेवी उचलायला देऊ नका. राइट हँड इज एव्हरीथिंग."

सत्कार म्हटला की आमच्याकडे हातात समई देऊन फोटो, म्हणून मी साडूंच्या कानाला लागलो. ते म्हणाले, "अहो, पाच सेकंदांचा फोटो! पिस्तूल उचलतात आणि समई नाही उचलवत?"

मग त्यांनी बाईंच्या कारकिर्दीवर भाषण सुरू केलं आणि स्वतःच्या कारकिर्दीवर संपवलं. बाईंनी शाल घेतली, नारळ घेतला, दोन्ही डाव्या हाताने. उजवा जॅकेटच्या खिशात.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "डाव्या हाताने नारळ?"

"फॉरेनर आहे गं, चालायचंच."

शेवटी समई आली. कमरेएवढी, पितळेची, दोघांनी धरून आणलेली.

"मॅडम, बोथ हँड्स! अवर कल्चर!" साडू गरजले.

बाई हसल्या. "नो, थँक यू. टुमॉरो आय शूट."

साडू समई कवटाळून उभे. फोटोग्राफर म्हणाला, "सर, स्माइल."

बाईंना माइक मिळाला तेव्हा लोक ताटांकडे निघाले होते. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या गावात मला फक्त बेकरीवाला ओळखतो, तिथे असले की रोज तोच पाव घेते म्हणून. मेडल आणलं त्या दिवशी त्याने विचारलं, इतके दिवस आजारी होता का?" हसलो मी एकटाच. बायकोने डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिसरा नंबर काढला, टीममधली जागा राहिली. मुलगी रेंजवरून नाचतच घरी आली आणि माझ्याच फोनवरून तिने मंडळाच्या ग्रुपवर निकाल टाकला. तिथे सकाळपासून डाव्या हातावर चर्चा चालू होती. निकालाखाली साडूंचा मेसेज पडला: 'हे आपल्या सत्काराचं फळ!' सोबत फोटो. त्यात साडू आणि समई. बाईंचा फक्त एक खांदा.

"बाबा, गेट आउट ऑफ धिस ग्रुप."

"बाहेर कसं पडतात गं?"

तिने दोनदा बोट मारलं. "खलास."

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आता ताईचा फोन आला की तुम्हीच घ्या!"