दुरुस्तीला ठेवलेला अर्ज

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी तोंडावर भावोजी म्हणतो. पाठीमागे जे म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचे विद्यार्थी त्यांना इंगमास्तर म्हणतात. इंग्रजी क्रियापदाच्या शेपटाला आय-एन-जी ही तीन अक्षरं लावली की काय चमत्कार होतो, हे शिकवण्यात या गृहस्थांनी सव्वीस वर्षं घालवली, त्यावरून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक आहे, आणि वाईट म्हणजे आवडतंही.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा क्लास. सहा बाकं, एक फळा, खिडकीजवळ टेबल, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं लोखंडी वजन. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच इमारतीत, त्या खोलीला लागून. मधली भिंत नावापुरती. त्यामुळे चौदा वर्षं मी मशीन चालवता चालवता फुकटात इंग्रजी शिकतो आहे.

शिकवतात बरं, खोटं कशाला बोलू? मराठीत आपण 'दारात उभा असलेला माणूस' म्हणतो. आधी त्याचं उभं राहणं, मग माणूस. इंग्रज आधी माणूस आणून ठेवतो आणि त्याचं उभं राहणं मागून जोडतो : द मॅन स्टँडिंग ॲट द डोअर. एकटाच शब्द असेल तर मात्र तो आपल्यासारखा पुढे येतो. बॉइलिंग वॉटर म्हणजे उकळतं पाणी, हात घालाल तर भाजेल. बॉइल्ड वॉटर म्हणजे उकळलेलं, ते आता गारही असू शकेल. मुलांना हे पटकन समजतं, परीक्षेत मार्क मिळतात, आणि क्लास चालतो. पण माणसाने एकाच खुंटीभोवती किती फिरावं? सव्वीस वर्षांत यांच्या फळ्यावर दुसरं काही उमटलं नाही.

उदाहरणंही सगळी घरातली, कारण घराबाहेरचं त्यांनी काही पाहिलेलंच नाही. द वुमन वॉशिंग द क्लोद्स इज माय वाइफ. द फ्लोअर स्वेप्ट बाय माय वाइफ इज क्लीन. भिंतीपलीकडून रोज ऐकायचो मी. माझी ताई त्या फळ्यावर चौदा वर्षं धूत होती, झाडत होती, शिजवत होती. एकदाही बसली नाही. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची, आणि आतल्या खोलीत ताई खरोखरच धूत असायची.

आणि यांना इंग्रजी बोलता येतं का? एकदा एक परदेशी बाई, पाठीवर भली मोठी पिशवी, क्लासच्या दारात येऊन रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारू लागली. बाहेर पाटी बघितली असेल बिचारीने. भावोजी उठून उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी ताईने पदराला हात पुसत बाहेर येऊन बोटाने रस्ता दाखवला आणि "लेफ्ट, लेफ्ट, देन ब्रिज" म्हणून सांगितलं. बाई हसून गेली. भावोजी संध्याकाळी दुकानात येऊन मला म्हणाले की त्या बाईच्या प्रश्नाची रचना सदोष होती. उंटावरचे शहाणे पुष्कळ पाहिले मी, पण हे उंटावरून कधी उतरतच नाहीत.

त्यांचा एक नियम होता, आणि पुढचं सगळं त्या नियमाने घडलं. टेबलावर आलेला कागद निर्दोष झाल्याशिवाय टेबलावरून हलायचा नाही. पहिलं वाचन पेन्सिलीने, दुसरं लाल शाईने, तिसरं मोठ्याने. मग स्वतःच्या हाताने स्वच्छ प्रत. तोवर कागद त्या लोखंडी वजनाखाली. मुलांच्या निबंधांना हे चालतं. निबंधाची कोणी वाट बघत बसलेलं नसतं.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नर्सिंग स्कूलच्या मुली भाड्याने राहतात. त्यांचं सगळं ताई बघते, अकरा वर्षं झाली. कुणाला ताप आहे, कुणी दोन दिवस जेवलेलं नाही, कुणाचं घरी भांडण झालंय, हे तिला जिन्यावरच्या पावलांवरून कळतं. गेल्या वर्षी त्या स्कूलच्या हॉस्टेलला वॉर्डन नेमायचं ठरलं. जाहिरातीच्या प्रती काढायला त्यांचा शिपाई माझ्याच दुकानात आला. मी एक प्रत जास्त काढली आणि मागच्या दाराने ताईकडे गेलो. अनुभव हवा होता, तो होता. शिक्षण बारावी, तेही होतं. वय पंचेचाळीसच्या आत. ताईला पंचेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने राहिले होते. म्हणजे ही गाडी चुकली की पुढची नाही. अर्ज पुढच्या शुक्रवारी चारपर्यंत, इंग्रजीत, स्वतःबद्दल एक पानभर माहितीसह.

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी तिने वहीच्या कागदावर लिहिलेलं पान माझ्यापुढे ठेवलं. दहा-बारा वाक्यं, सगळी तोकडी. त्यातलं एक मला पाठ आहे : आय नो अ गर्ल इज सिक बिफोर शी टेल्स मी. मुलगी आजारी आहे हे तिने सांगायच्या आधी मला कळतं. मी म्हटलं, टाइप करतो, सोमवारी देऊन येतो. तिने पान घडी करून परत घेतलं. एकदा यांच्या नजरेखालून जाऊ दे, म्हणाली. मी तेव्हाच तिच्या हातातून ओढून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

रविवारी पेन्सिल चालली. सोमवारी क्लास आटोपल्यावर मी डोकावलो तर बारा वाक्यांची पाच झाली होती. ताई आता एका शिक्षकाशी विवाहित, घर सांभाळणारी, अकरा वर्षं मुलींची देखभाल केलेली अशी एक बाई झाली होती, आणि हे सगळं त्या बिचाऱ्या एका 'वुमन' शब्दाला मागून लटकवलेलं होतं. गाढवावर ओझं लादावं तसं. मंगळवारी लाल शाई. बुधवारी मी स्पष्ट विचारलं, की भावोजी, शुक्रवार ध्यानात आहे ना? ते म्हणाले, घाईत लिहिलेलं इंग्रजी आणि घाईत केलेलं लग्न, दोन्ही जन्मभर निस्तरावं लागतं. ताई तिथेच फरशी पुसत होती.

गुरुवारी अडचण अशी निघाली की 'तापाने आजारी असलेली' हे शब्द 'हॉस्टेल'च्या शेजारी पडले होते. त्यामुळे मुलीला नव्हे, हॉस्टेलला ताप आलाय असा अर्थ होईल म्हणे. होईल! वाचणारा काय खुळा आहे? इमारतीच्या काखेत कोण थर्मामीटर लावतं? पण अख्खा गुरुवार त्या तापात गेला. रात्री मी ताईला म्हटलं, उद्या सकाळी कागद काढून घे आणि जशी आहेस तशी लिहून दे. ती हो म्हणाली. मी निर्धास्त झालो. शुक्रवारी सकाळी मी कागदाची रिमं आणायला बाजारात गेलो, ते परत यायला पाच वाजले.

साडेपाचला भावोजी दुकानात आले. दोन बोटांत धरलेला कागद, शाई अजून ओली. दोन प्रती काढ, म्हणाले.

"आता शोधून दाखव चूक."

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. चारला मुदत संपली, असं म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. ऑफिसं अशी घड्याळ लावून बंद होतात होय, चांगलं काम बघून घेतात लोक, असं म्हणून ते परत सहाच्या बॅचला गेले. मी दुकानाचं शटर ओढलं आणि धावलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण बैल त्याचा असता तर मला सोयरसुतक नव्हतं.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्जांचा गठ्ठा बांधून वर मोहोर लावली होती. माझा कागद त्याने घेतला, वाचला, दोनदा वाचला. मग परत देताना म्हणाला, "इंग्रजी मात्र फार सुंदर आहे हो." पुढची जागा केव्हा निघेल विचारलं तर दोन वर्षांनी, असं सांगितलं. मी तिथून तडक निघालो, कारण आणखी थांबलो असतो तर त्या बिचाऱ्याने उगीच मार खाल्ला असता.

घरी मागच्या दाराने गेलो. ताई मुलींच्या चादरींच्या घड्या घालत होती. भिंतीपलीकडे भावोजी नव्या बॅचला उकळतं पाणी आणि उकळलेलं पाणी समजावत होते. मी कागद तिच्यापुढे टाकला आणि तोंडाचा पट्टा सोडला. वरातीमागून घोडं आणलं या माणसाने, म्हटलं. तुझं आयुष्य त्या वजनाखाली ठेवून हा शाई वाळवत बसला, म्हटलं. आणखीही पुष्कळ म्हटलं. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना कशाला बोलतोस? सहा दिवस मी त्याच टेबलाची धूळ पुसत होते. उचलून तुला आणून द्यायला किती वेळ लागला असता?"

"मग उचलला का नाहीस?"

तिने हातातली घडी मोडली आणि परत घातली.

"तेवीस वर्षं झाली लग्नाला. हे सहा दिवस ते माझं लिहिलेलं वाचत होते. मला जवळ बसवून विचारत होते. ही तापाची मुलगी कोण, रात्रभर तिच्याजवळ तूच होतीस का, तेव्हा मी कुठे होतो. आजवर असं काही कधी विचारलं नव्हतं रे. मला वाटलं, अजून एक दिवस राहू दे कागद तिथेच."

मला भावोजींबद्दल बोलायला अजून खूप होतं. पण एवढंच विचारलं, "आणि आता?"

"आता त्यात चूक उरली नाही ना," ती म्हणाली. "दुपारपासून काही विचारलेलं नाही त्यांनी."