वॉटर, प्लीज

निघालो तेव्हा ईरा अडीच वर्षांची होती आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. पुण्याहून टॅक्सी सुटताना खिडकीतून ती माझ्या आईला सांगत होती, "आज्जी, तू पण चल की गं!" आईने डोळे पुसले आणि मला बजावलं, "पोरीला तिकडे गप्प बसवू नकोस रे."

बसवली. दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत ॲडमिशनचा इंटरव्ह्यू होता, तोही इंग्रजीत. मग शारजाच्या फ्लॅटमध्ये मी एक युक्ती काढली. तिने पाणी मागितलं की ग्लास उंच धरायचा आणि 'वॉटर, प्लीज' म्हणेपर्यंत द्यायचा नाही. दोन-तीन महिन्यांत मराठी खलास. ॲडमिशन मिळाल्यावर मी ऑफिसात पेढे वाटले. तुम्ही सगळ्या नातेवाइकांनीही तिकडून फोनवर तिच्या इंग्रजीचं कौतुक केलंत, आठवतं ना?

आता ती तेरा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिने शाळेचा प्रोजेक्ट वाचायला दिला. युरोपातले गोरे अमेरिकेत गेले. तिथल्या मूळ लोकांच्या जमिनी गेल्या, देवीच्या साथीत गावंच्या गावं गेली. पुढे उरलेल्यांची मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली. आपली भाषा बोललं की मार. बऱ्याच वर्षांनी घरी परतलेल्या कित्येकांना आईचं बोलणंच कळेना. माझं वाचून झाल्यावर ईराने विचारलं, "बाबा, नोबडी हिट मी. देन व्हाय कान्ट आय टॉक टू आज्जी?"

त्यांच्यावर जुलूम झाला, आपण हौसेने आलो. तुलना करायचीही लाज वाटते. पण ग्लास माझ्याच हातात होता, आणि मला तिच्याकडे बघवेना.

आज सकाळी आईचा फोन आला. परवा तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी काळजीने दहा प्रश्न विचारले, तिचं उत्तर एकच. "मला काही होत नाही. तू बाजूला हो, ईराला दे."

ईरा फोन घेऊन आत गेली. मी दाराबाहेर घुटमळत राहिलो. पलीकडून आई बराच वेळ बोलत असावी. ईरा नुसती "हो आज्जी, हो आज्जी" करत होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कावराबावरा झाला होता.

"बाबा, शी वॉज क्रायिंग. व्हॉट इज 'भीती वाटते'?"

आईने मला हे आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

घर कुठे, असं विचारलंत तर आता पुणं म्हणवत नाही, शारजाही नाही. माझं घर आज त्या दोघींमधल्या एका वाक्यात अडकलंय. ते ईराला समजावून सांगायचंय, आणि उत्तर द्यायलाही शिकवायचंय. परवाच्या आत.