नावं कापलेली रील

माझी वेटरची नोकरी टिकली ती आमच्या चिंचवडच्या क्लबच्या सेक्रेटरींमुळं. माझं गाव लांब हिंगोलीकडं, शाळा नववीत सुटलेली, त्यामुळं धाकधूक कायमची.

तरुण मेंबर यावेत म्हणून सेक्रेटरी इन्स्टावर रील टाकायचे. मोबाईल मी धरायचो. पण सवयीनं ते आधी अध्यक्षांपासून खजिनदारांपर्यंत सगळ्यांची नावं आदरानं घेत, आणि पोहण्याचा तलाव दिसायच्या आत रील संपे. एकदा मी न विचारता नावं कापली. तरुणांचे फोन आले, पण अध्यक्ष भडकले. “माझं नाव कापणाऱ्याला घरी पाठवा!”

“आमीच कापलं, राव,” सेक्रेटरी म्हणाले. “आमाला धाडता व्हय घरी?”

अध्यक्षांनी चहा मागवला, आणि तो मीच नेऊन दिला.

एक दिवस मी याच क्लबचा मेंबर होईन आणि सेक्रेटरींना पाहुणा म्हणून जेवू घालीन.