बॅलिकॅरनचा भिडस्त विंगर

मॅलकी डेव्हनी समोरच्या खेळाडूला चकवून पुढे गेला की मागे वळून "माफ करा हं" म्हणायचा. मी रंगवून सांगतोय असं लोकांना वाटतं. पण मी त्याच्याच संघाचा गोलकीपर. सरावात त्याने मला हजारदा तरी फसवलं असेल आणि हजारदा माफी मागितली असेल. मी जाळ्यातला चेंडू काढायला वाकलो की वरून काळजीचा आवाज यायचा, "लागलं नाही ना रे, लोर्कन?"

"लागला असता तर गोल झाला असता का, गाढवा?" मी म्हणायचो.

"हो, तेही खरंच. माफ कर."

हे वळण आईचं. अट्रॅक्टा डेव्हनी ही आमच्या बॅलिकॅरन गावची पोस्टमास्तरीण. नवरा लवकर गेला, मागे हा एकच मुलगा. दुसऱ्याच्या आधी दारातून जायचं नाही आणि ताटातला शेवटचा बटाटा उचलायचा नाही, हे तिने त्याच्या हाडीमाशी खिळवलं होतं. असा मुलगा फुटबॉलमध्ये काय करणार, असं कुणालाही वाटेल. पण चेंडू डाव्या पायाला लागला की त्या पायावर आईचं काही चालत नसे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आयर्लंडमधल्या आमच्या मेयोत तेव्हा खरा खेळ म्हणजे गेलिक फुटबॉल, चेंडूला हात आणि पाय दोन्ही लावायचा. मॅलकी त्यात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात होता. पण नियम असा होता, की जो कुणी तो दुसरा, इंग्रजांचा फुटबॉल खेळेल किंवा नुसता बघायला जाईल, त्याला गेलिकमध्ये जागा नाही. अशी माणसं हेरायला गावोगावी पहारेकरी नेमलेले असत. आमचे पहारेकरी म्हणजे शाळेचे टूही मास्तर. पहाऱ्यावरच्या माणसाला सामना बघायची अर्थातच मुभा होती. सहा वर्षांत मास्तरांनी आमच्या इंग्रजी फुटबॉल संघाचा एकही सामना चुकवला नाही. पाऊस असो, गारा असो, मास्तर छत्री आणि वही घेऊन हजर. एकदा पंचाने आमचा गोल नाकारला तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडले तेही तेच.

एका रविवारी आमचा डाव्या कडेने धावणारा विंगर गालफुगीने आडवा झाला. मी मॅलकीच्या मागे लागलो. त्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, हे मला पक्कं माहीत होतं. बुटाच्या पॉलिशने मी त्याला मिशी काढली आणि सांगितलं, "आजच्या दिवस तू हान्स. बंदरात लाकूड घेऊन एक जर्मन जहाज लागलंय, तू त्यावरचा खलाशी. तोंड उघडायचं नाही."

"आणि कुणी काही विचारलं तर?"

"नुसती मान हलव."

अर्ध्या तासात हान्सने दोन गोल केले. लोक म्हणू लागले, जर्मनांची गोष्टच वेगळी. मग तिसऱ्या वेळी त्याने पाहुण्यांच्या जाड्या डिफेंडरला असा काही गरगर फिरवला, की तो चिखलात बसकण मारून पडला. मॅलकी थांबला. हात देऊन त्याला उठवलं, पँटवरचा चिखल झटकला आणि अस्सल मेयोच्या बोलीत म्हणाला, "माफ करा हं, दादा. आई बरी आहे ना तुमची?"

सगळ्यांच्या माना वळल्या. पावसाने मिशी हनुवटीपर्यंत उतरली होती. मास्तरांनी वही उघडली.

"मास्तर, राहू द्या ना," मी गोलातून ओरडलो. "पोर आहे!"

"कर्तव्य आहे, लोर्कन," मास्तर म्हणाले. लिहिता लिहिता त्यांचे डोळे भरून आले होते. "कर्तव्य आहे. काय गोल होता रे पण तो दुसरा!"

गेलिकमधून त्याला दोन वर्षं बंदी झाली. त्याच्या आईने आठवडाभर अबोला धरला, मास्तरांशी नव्हे, माझ्याशी. पण आता मॅलकीला लपायचं कारण उरलं नाही. तो दर रविवारी मिशीशिवाय, उघडपणे आमच्याकडून खेळू लागला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडातल्या लँकशरमधला एक गृहस्थ आमच्या नदीवर मासे धरायला आला. पाऊस इतका झाला की नदीला लोंढा आला आणि मासे मिळेनात. कंटाळून तो आमचा सामना बघायला आला. तिकडच्या एका क्लबासाठी खेळाडू हेरणं हाच त्याचा धंदा होता.

महिन्याभराने त्या क्लबाकडून मॅलकीच्या नावावर तार आली. 'डेव्हनी, ताबडतोब निघा.' तार अर्थातच अट्रॅक्टाच्या हातात पडली. तिने ती वाचली, घडी केली आणि अॅप्रनच्या खिशात घातली.

टपालाची गुप्तता पाळण्याची तिने शपथ घेतलेली होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. कळलं नाही ते फक्त मॅलकीला. लोक तिकिटं घ्यायच्या निमित्ताने यायचे आणि खिशाकडे बघायचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं तेही तिकिटं घेऊन गेले. मी धीर करून विचारलं, "मिसेस डेव्हनी, काही विशेष आलंय का टपालात?"

"तुझ्यासाठी नाही."

"दुसऱ्या कुणासाठी?"

"लोर्कन मॅकहेल, तुझ्या बापाला अमेरिकेहून कोण पत्रं लिहितं ते मी कधी तुझ्या आईला सांगितलंय?"

मी गपगुमान बाहेर पडलो.

अकरा दिवस असे गेले. दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये फादर कनीली प्रवचनाला उभे राहिले. "संत पौलाने करिंथकरांना पत्र लिहिलं," ते म्हणाले, आणि चष्म्यावरून पहिल्या बाकाकडे बघितलं. "आता समजा, करिंथच्या पोस्टात ते पत्र कुणी अॅप्रनच्या खिशात ठेवलं असतं, तर करिंथकरांचं काय झालं असतं?"

सगळं चर्च खोकू लागलं. आईशेजारी बसलेला मॅलकी मात्र गंभीरपणे मान डोलावत होता, करिंथकरांचं त्याला खरोखरच वाईट वाटत होतं.

बाहेर आल्यावर आईने चुरगळलेली तार त्याच्या हातात कोंबली. "हे घे. आत्ताच आलंय."

"आई, रविवारी तार येते?"

"येते कधी कधी," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "लोकरीचे मोजे घेऊन जा. तिकडे ओल फार असते म्हणतात."

तो गेला. दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला क्लब, गिरण्यांचं गाव. पहिल्याच सामन्यात दोन गोल. ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. मॅलकीच्या पत्रात एकच बातमी होती: 'इथे बटाटे सोलून मग उकडतात.' अट्रॅक्टा ते पत्र घेऊन दारोदार फिरली. "आधी सोलून! मग आत राहिलं काय?" पुढच्या बोटीने तिने बटाट्यांचं पोतं रवाना केलं. मॅलकीच्या घरमालकिणीला हा अपमान वाटला, पण खाऊन बघितल्यावर तिनेच दुसरं पोतं मागवलं.

मॅनेजर हारग्रीव्ह मात्र वैतागला होता. "डेव्हनी, तू पुन्हा कुणाची माफी मागितलीस तर तुला बाकावर बसवीन."

"बरं, सर. माफ करा, सर."

तीन मोसम तो खेळला. एकेचाळीस गोल. मोठ्या क्लबांची माणसं त्याला बघायला येऊ लागली होती. मग एका शनिवारी त्याने शेवटच्या डिफेंडरला चकवलं, चेंडू गोलात ढकलला आणि सवयीने धावता धावता मागे वळला. "माफ करा" मधला 'माफ' बोलून झाला आणि गुडघा गोलच्या खांबावर आदळला. गोल धरला गेला. गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, फुटबॉल संपला. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

मी माझं दुकान बंद करून त्याला स्टेशनवर उतरवून घ्यायला गेलो. विनोद सुचत नव्हता. तो काठी टेकत उतरला आणि म्हणाला, "तुला दुकान बंद ठेवून यावं लागलं ना? उगीच त्रास." तेव्हा मात्र मी प्लॅटफॉर्मवर रडलो, आणि तोच मला समजावत बसला.

मॅलकी पोस्टमन झाला, आईच्याच हाताखाली. रोज सायकलवर अठरा मैल, दलदलीतून, चढावरून, समोरून वारा. पाय हलका ठेवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण पत्र न्यायला उशीर केला तर अट्रॅक्टा डॉक्टरांपेक्षा वाईट. तीन वर्षांत तो गुडघा कसा बरा झाला देव जाणे. एका सरावाला तो सहज चेंडू परतवायला आला आणि अंधार पडेपर्यंत घरी गेलाच नाही.

त्याच सुमारास आमचा क्लब आयर्लंडच्या लीगमध्ये घेतला गेला. मॅलकीने पुन्हा करारावर सही केली. पहिल्यासारखी धाव उरली नव्हती, पण डोकं तिप्पट चालायचं. असा तो आणखी अकरा वर्षं खेळला. अडतिसाव्या वर्षी त्याने आम्हाला कपच्या उपांत्य सामन्यापर्यंत नेलं. अर्धं गाव डब्लिनला गेलं. जिंकून परतणाऱ्यांच्या स्वागताला पेटवण्यासाठी मागे राहिलेल्यांनी वाटेवरच्या टेकड्याटेकड्यांवर टर्फचे, म्हणजे जळणाच्या वाळवलेल्या दलदलमातीचे, ढीग रचून ठेवले होते.

आम्ही पाच-शून्यने हरलो. मी तेव्हा प्रशिक्षक होतो. माझ्याकडे न बघता सगळे बसमध्ये चढले. गावाजवळ आलो तर पहिल्या टेकडीवर आग. मग दुसऱ्या. बस थांबवून मी ओरडलो, "अरे, हरलो आपण! कळलं नाही का?"

"कळलं," वरून कुणीतरी ओरडलं. "पण टर्फ रचून झालं होतं!"

लोकांनी मॅलकीला खांद्यावर घेतलं आणि भाषण करायला लावलं. तो लालबुंद झाला. त्याने घसा खाकरला. "डब्लिनची मुलं फार चांगली खेळली," तो म्हणाला, "आणि त्यांच्या गोलकीपरला आज काही कामच मिळालं नाही, त्याचं मला जरा वाईट वाटतंय."

त्यानंतर तो खेळला नाही. पोस्टात मात्र आहे अजून. अट्रॅक्टा निवृत्त झाली, पण सकाळी नऊला खिडकीत खुर्ची टाकून बसते आणि तो किती वाजता निघाला ते बघते.