मारबतीला दिलेला बैल

लहानपणची खेळणी कुणी माळ्यावर टाकतं, कुणी धाकट्या भावंडांना देतं. आमच्या घरात ती बाप फोडायचा. मंडईच्या जत्रेतून आणलेली भातुकली त्यानं अंगणात पायाखाली चिरडली, कारण जेवण वाढायला उशीर झाला होता. कॅरमबोर्ड गुडघ्यावर धरून मोडला, त्याला तर कारणही नव्हतं. माझी बाहुली चुलीत गेली. प्लास्टिक जळाल्याचा वास पुढं कितीतरी वेळ भाताला येत होता आणि तो भात त्यानंही मुकाट्यानं खाल्ला. त्यामुळे तू मोठी कशी झालीस असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सोपं आहे. एकेक वस्तू फुटत गेली तशी झाले. बाहुलीपर्यंत मी रडत होते, नंतर तेही सोडलं.

बाप चिखल्याच्या खाणीत कामाला होता. आमचं गाव नाकाडोंगरीच्या पुढं, जंगलाला लागून. खाणीतून आला की त्याच्या नखांत, कानांत मँगनीजची काळी भुकटी असायची, आणि ज्या भिंतीला तो आईला ढकलायचा तिथं त्या हाताचा काळा डाग उमटायचा. आई तो पोतेऱ्यानं पुसून घ्यायची. तो दारू प्यायचा, पण सगळं दारूवर ढकलायला मी तयार नाही. न पिताही मारायचा. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, माणूस मनाचा चांगला आहे. त्याचं मन त्यांनी कुठं पाहिलं होतं देव जाणे. आम्ही हात पाहिले होते.

एक वस्तू मात्र त्यानं कधी फोडली नाही. लाकडाचा बैल.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, लहान पोरांचा तान्हा पोळा भरतो. पायाला चाकं लावलेले लाकडी बैल पोरं दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि घरची माणसं बोजारा म्हणून हातावर खाऊ ठेवतात. माझा बैल बापानं माझ्या जन्माच्या वर्षी सागाच्या ओंडक्यातून स्वतः कोरला होता. मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसला नाही, पटाशी घेऊन बसला, हे खरं आहे आणि खरं आहे म्हणून लिहिते. बैल एवढा जड की लहानपणी मला तो ओढवायचा नाही. मग एका हातानं बाप बैलाची दोरी ओढायचा आणि दुसऱ्या हातानं मला कडेवर घ्यायचा. पुढं हाच माणूस संतापात हाताला लागेल ते फेकायचा, पण हातात बैल आला की क्षणभर बघायचा आणि परत कोनाड्यात ठेवून द्यायचा. आईकडं मात्र असं थांबून कधी बघितलं नाही. याचा मला मारापेक्षा जास्त राग यायचा.

मी नववीत गेले त्या वर्षी आई म्हणाली, "आता तू मोठी झाली वं. शेजारची पोरगी पाच वर्साची झाली, तिले दे यंदा बैल."

मी फणकारले. माझं म्हणून घरात तेवढंच शिल्लक होतं. पण ती पोरगी रोज आमच्या उंबऱ्यावर बसून कोनाड्याकडं बघायची, तिला नाही म्हणवेना. पोळ्याच्या दुपारी मी बैलाला तेल चोळलं, शिंगांना नवी बेगड लावली, गळ्यात घुंगरू बांधलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरी तिच्या हातात द्यायची असं ठरलं. माझ्या हातानं, धडधाकट वस्तू देणार होते. आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडणार होतं.

पण पाडव्याची सकाळ गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची असते. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. सकाळी ते काढायचे, झिजलेला झाडू, फाटलेलं सूप असलं काहीबाही सोबत घ्यायचं आणि सगळ्या गावानं मिळून शिवेवर नेऊन जाळायचं. टाकताना ज्याचा त्रास असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं, घेऊन जा गे मारबत. खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा, आता डेंगूही. आमच्या गावात एकच बंधन होतं. जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर तो त्याच्या मरणाचा शाप.

त्या सकाळी बाप पत्त्यांच्या डावावरून घरी आला तेव्हा आई वाकून दारातला मेढा काढत होती. त्यानं चहा मागितला.

"थांबा जी जरासे," आई म्हणाली. "मेढे निघू द्या."

एवढंच. त्यानं तिच्या हातातला मेढा हिसकला आणि त्याच मेढ्यानं तिला मारायला सुरुवात केली. पानं झडून गेली, मग नुसता दांडा उरला. ती उंबऱ्यावर पडली तर त्यानं बरगडीत लाथ घातली. ती ओरडली नाही, सणाच्या दिवशी लोकांना तमाशा नको म्हणून. दांडा मोडला तेव्हा त्यानं तिचे केस धरले आणि कपाळ चौकटीवर आपटलं. परत आपटलं. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला नीट आठवतं. आज ही मरते, एवढंच.

मी बैल दोन्ही हातांनी उचलला आणि हाणला. पहिला घाव खांद्यावर बसला. तो वळला. दुसरा कपाळावर. शिंग भुवईच्या वर घुसलं आणि मोडलं. तो खाली बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं तरी माझ्याकडं नाही, बैलाकडं बघत राहिला.

"माह्या हातचा बैल," तो म्हणाला. "मलेच मारला का?"

मी परत उचलला. आईनं पडल्या पडल्या माझे पाय धरले.

"सोड वं. मरन तो."

"मरू दे."

मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं दात खाऊन बसले होते, आणि आता तो जमिनीवर आणि मी उभी. आईनं पाय धरले नसते तर मी थांबले नसते.

आई उठली. तिच्या स्वतःच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि तिनं हळदीचा डबा काढून आधी त्याची जखम भरली. हे बघून माझं डोकं अजून फिरलं. बापानं तोंड धुतलं, डोक्याला दुपट्टा बांधला आणि शिवेवर निघून गेला. मारबतीला माणूस दिसला नाही तर गाव विचारतं.

तो गेल्यावर आईनं बैल उचलून बघितला. बेगडीवर रक्त होतं, लाकडातही मुरलं होतं.

"रगत लागलं याले," ती म्हणाली. "लेकराच्या हाती देता येत नाही. घरातही ठेवता येत नाही. मारबतीत टाकून ये."

"चौकटीलेही रगत लागलं आहे, तुह्यं," मी म्हणाले. "चौकट उपटून टाकून येऊ का?"

तिनं फाटक्या सुपात बैल ठेवला, वर झाडू ठेवला आणि सूप माझ्या हातात दिलं.

शिवेवर डफडं वाजत होतं. मेढ्यांचा ढीग पेटला होता. बाप चार माणसांत उभा राहून सांगत होता की हापशीवर पाय घसरला, आणि माणसं हसत होती, रात्री कोणत्या हापशीचं पाणी पिला म्हणून. शेजारणीनं झाडू फेकला आणि गुडघेदुखी घेऊन जा म्हणाली. तिची पोरगी तिच्या पदराला धरून माझ्या सुपातल्या बैलाकडं बघत होती. तिला वाटलं असेल, मी तिच्यासाठीच आणला. मी तिच्याकडं पुन्हा बघितलं नाही. बैलाच्या अंगाला कालच्या तेलाचा वास होता. हात आखडतोय असं वाटलं तेव्हा सगळं सूपच आगीत भिरकावलं.

आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, "माह्या मायले मारनाऱ्या बापाले घेऊन जा गे मारबत."

डफडं थांबलं. लोकांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून मी तेच परत ओरडले. सगळे माझ्याकडं बघत होते, बापाकडं कुणीही नाही. एक म्हातारा पुढं आला आणि माझ्या पायाशी थुंकला.

"जित्या बापाले?" तो म्हणाला.

गावाला 'बापाले' तेवढं ऐकू गेलं होतं. त्याच्या आधीचं कुणाच्याच कानात शिरलं नाही. त्या माणसांना मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही.

बापानं आगीतून जळता मेढा ओढला आणि माझ्यावर धावून आला. "हिले जित्ती ठेवत नाही आज," तो ओरडत होता. दोघांतिघांनी त्याला मागून कवटाळून धरलं. मी धानातून आडवाटेनं घराकडं पळाले.

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. आईनं माझ्या शाळेच्या दप्तरात कपडे कोंबले होते आणि बातमी आणलेल्या पोराच्या मोबाईलवरून लाखांदूरच्या मामाला फोन केला होता. मामा तुमसरच्या स्टँडवर घ्यायला येणार होता. तिनं माझा दंड धरला आणि धानाच्या बांधावरून जवळजवळ ओढत मला रस्त्यावर आणलं. तिला नीट श्वास घेता येत नव्हता, बरगडी धरून चालत होती. चालता चालता मी सारखी म्हणत होते, तूबी चाल.

"मी आली त तो लाखांदूरले येईन," ती म्हणाली. "आपल्या दोघींले मारन, मामालेही मारन. मी इथं असली त तो तिकडं कायले येईन?"

रस्त्यावर उभी राहूनही मी तेच म्हणत राहिले.

एस.टी. आली. आईनं मला पायरीवर ढकललं, दप्तर आत टाकलं. मी एका हातानं दाराची दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट.

"मारन तुले तो," मी म्हणाले. "आज माह्या वाटचंही मारन."

"सोड."

"नाही सोडत."

कंडक्टर म्हणाला, चढायचं तर चढा, नाही तर उतरा. त्यानं घंटी मारली. आईनं एकदा मागं धानाकडं बघितलं. मग दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि माझ्या बोटांवर मारली. मी सोडलं नाही. तिनं परत मारली. मग माझा हात तसाच ओढून दाराच्या लोखंडी कडेवर आपटला, तिची बांगडी फुटून काच माझ्या मनगटात शिरली, तरी आपटला, परत आपटला, बोटं आपोआप उघडेपर्यंत.

गाडी हलली. ती रस्त्यात उभी होती, मुठी अजून वळलेल्याच. माझी दोन बोटं काळीनिळी झाली होती. जन्मभर मार खाणाऱ्या माझ्या आईला मारताही येत होतं. त्यातला एक तडाखाही तिनं त्याला कधी दिला नाही, सगळे मला दिले.