देवळातून उठलेली शाळा

आम्ही बोरवाडीच्या शाळेतले जुने शिक्षक आता भेटतो ते कुणाच्या लग्नात, नाहीतर दहाव्याला. दोन्हीकडे बोलणं तेच! एकाने तोंड उघडलं की दुसरा म्हणतो, "ते राहू दे, आधी माझं ऐक." पंगत उठते, पत्रावळी उचलल्या जातात आणि आम्ही हात वाळवत तिथेच. घरी आल्यावर सून विचारते, "आई, जेवायला काय होतं?" मला आठवत नाही! किस्से मात्र सगळे पाठ. त्यातले काही सांगते. आज हसून सांगते खरी, पण त्या त्या वेळी हसू सुचलं नव्हतं.

*

मी दापोडीची. बासष्ट साली, एकोणीस वर्षांची असताना ऑर्डर मिळाली ती चाकणच्या पुढच्या बोरवाडीची. एस.टी.तून उतरून दीड तास चालले. शाळा भैरोबाच्या देवळात, सभामंडपात भरायची. मुख्य शिक्षक कदम गुरुजी महिनाभर ट्रेनिंगला गेलेले. सरपंच भिकोबा आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आमी अजून एक मास्तर मागितला व्हता. ही पोर कुणी धाडली?"

दुसऱ्या दिवशी एकही मूल शाळेत आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हजेरीपट उघडून रिकाम्या मंडपात बसून राहायची. चौथ्या दिवशी ठरवलं, उद्याची पहिली एस.टी. धरायची.

त्या दुपारी पोस्टमन आला. आबांचा थोरला मुलगा मिलिटरीत. सरहद्दीवरची लढाई नुकतीच थांबली होती आणि दोन महिने त्याची काही खबर नव्हती. पाकीट आबांच्या हातात दिलं, पण वाचून दाखवायला पोस्टमन तयार होईना. तसली पत्रं वाचून त्याचा जीव विटला होता. गावात वाचता येणारे आणखी दोघं-तिघं होते. त्यांचेही हात पुढे आले नाहीत.

आबा मंडपात आले. मागे त्यांची बायको, तिच्यामागे निम्मं गाव. "वाचा," एवढंच म्हणाले.

पाकिटावरचं अक्षर मुलाचं नव्हतं. ते सगळ्यांनीच ओळखलं होतं. पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या आणि मी ओरडलेच, "जिवंत आहे!" बर्फाने पायाची दोन बोटं गेली होती, हाताला बँडेज होतं, म्हणून शेजारच्या खाटेवरच्याने पत्र लिहिलं होतं.

आबांनी ते माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी मंडपात तेवीस पोरं! पहिल्या रांगेत आबांची धाकटी लेक. तिला सोडायला आले तेव्हा आबा म्हणाले, "बाई, ह्यांना आदी पत्र वाचाय शिकवा. पाढे काय, पळून जात न्हाईत!"

*

गुरुजी ट्रेनिंगहून परतले. अंगाने बुटके, टोपी कपाळावर ओढलेली, आवाज मात्र खणखणीत. आल्या आल्या विचारलं, "ती चार पोरं बाहेर पायरीवर का बसलीत?"

ती चौघं गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. देवळात पाऊल टाकायची त्यांना बंदी. खरं सांगते, तीन आठवडे मीही ते बघत होते आणि काही बोलले नव्हते.

गुरुजींनी वाद घातला नाही. फळा उचलून खांद्यावर घेतला, बाहेर नेला आणि चिंचेच्या खोडाला टेकवला. "चला, सगळे इथं!" ती चौघं आणि बाकीचे, एकाच रांगेत.

तासाभरात दहा-बारा माणसं काठ्या घेऊन हजर. पोरं माझ्यामागे दडली.

"मास्तर, फळा आत न्या."

गुरुजींनी हातातला खडूही खाली ठेवला नाही. म्हणाले, "आत नको. देवाची तक्रार आलीय."

"कसली तक्रार?"

"पाच-पाच तास पाढे ऐकून दुपारची झोप लागत नाही म्हणे!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काठ्या खाली गेल्या नाहीत, पण वरही आल्या नाहीत. नऊ घरांनी पोरं शाळेतून काढली. गुरुजींना पिठाच्या गिरणीत दळण दळून मिळेना. पुढचे दोन महिने आम्ही चिंचेखाली शाळा भरवली आणि रोज सकाळी मी आधी बघायची, फळा जागेवर आहे ना. दोन महिन्यांनी आबांनी चावडीमागची गावठाणातली जागा शाळेला दिली आणि भर सभेत सांगितलं, "देवाला झोप पायजे, तर पोरांना भिंती पायजेत!" त्या भिंतींची माती तुडवायला ती काठीवाली माणसंसुद्धा आली. सगळी नाही, पण आली.

*

दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि वरून कळवण्यात आलं, की पट चाळीसच्या खाली असेल तर दुसरा शिक्षक उचलणार. म्हणजे मी! तपासणीला साहेब येणार ते नेमके कांद्याच्या लागणीत. सकाळी वर्गात मुलं अकरा.

चाकणला गॅरेज चालवणाऱ्या शब्बीरभाईंचा एक जुनाट ट्रक होता. कांद्याच्या गोणी न्यायला ते आले होते. गुरुजींनी त्यांना गोणी उतरवायला लावल्या आणि ट्रक शिवारात पिटाळला. आयाबाया पोरं सोडेनात. "वाफ्यात रोपं कोण लावणार?" शब्बीरभाईंनी बाह्या सारल्या. "मी लावतो की! पोरं द्या!" आणि खरोखरच वाफ्यात उतरले. ट्रक त्यांच्या क्लीनरने आणला.

साहेबांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. "एकोणचाळीस आणि... हे कोण?"

शेवटच्या रांगेत, मांडीवर पाटी घेऊन, भिकोबा आबा!

"आजच नाव घातलं सायेब. आंगठा द्यून द्यून कटाळलो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिहा बरं तुमचं नाव."

मी डोळे मिटून घेतले. आबांना अक्षरओळख नाही, हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत! पेन्सिल किरकिरली. बराच वेळ किरकिरली. डोळे उघडले तर पाटीवर 'भिकोबा' लिहिलेलं. वाकडं, पण लिहिलेलं. धाकट्या लेकीने घरी शिकवलं होतं, कुणालाही पत्ता लागू न देता.

साहेबांनी शेरेबुक ओढलं आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं, "पट चाळीस. पैकी एकाला मिशा आहेत."

*

सत्तर सालानंतर भोसरी-पिंपरीकडे कंपन्या धडाधड उभ्या राहिल्या आणि गावातला जो तो शिफ्टच्या गोष्टी बोलू लागला. नोकरीला जन्मतारखेचा दाखला लागे आणि जन्मतारीख होती फक्त आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात.

एके दिवशी बाळू पैलवान आला. हातात कोयता. तो ऊसतोडीवरून थेट आला होता असं तो नंतर सांगायचा, पण त्या दिवशी तसं काही वाटलं नाही. कंपनीत वयाची अट होती आणि बाळू तीन वर्षांनी जास्त भरत होता.

"गुरुजी, तीन वर्सं कमी करा."

"नाही करता येणार."

बाळूने कोयता टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे, आपटला. शाई सांडली. दारात त्याचा धाकटा भाऊ उभा होता, तोही हादरला. गुरुजींनी टिपकागद घेतला, शाई टिपली आणि रजिस्टरचं पान उलटलं.

"तुझा धाकटा भाऊ तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. तुझी तीन कमी केली, तर तो थोरला होतो. मग उद्यापासून त्याला दादा म्हणायचं, आणि वाटणीत थोरलेपणा त्याचा. लिहू?"

बाळू काही बोलायच्या आत दारातून धाकट्याचा आवाज आला, "लिवा गुरुजी, लिवा!"

*

पुढे कंपन्या आमच्या शिवारापर्यंत आल्या. तोवर शाळेच्या चार खोल्या झालेल्या, पट दीडशेच्या पुढे, आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर आमच्याच मुलांमधून शिक्षक झालेल्यांनी शाळा सुरू केलेल्या. एका सकाळी कंपनीसाठी जमीन मोजायला मोजणीदार आला, बरोबर साखळी धरणारे गडी आणि दोन पोलीस. मैदानात खुणेचा दगड पुरायला घेतला. त्याच्या नकाशात आमच्या शाळेच्या जागी लिहिलं होतं, 'पडीक'!

गुरुजींनी घंटा दिली. "कवायत!"

दीडशे पोरं मैदानभर पसरली. एक-दोन-तीन-चार! साखळी ताणायला वीतभर जागा उरली नाही. त्यातला एक पोलीस पुढे सरकला. मी पहिलीच्या रांगेसमोर जाऊन उभी राहिले. सरळ बोलायचं तर मला तेव्हा नोकरी जायची फार भीती वाटत होती, आणि त्याहून भीती त्या पोलिसाच्या हातातल्या काठीची.

दहा वाजले, अकरा वाजले. आम्ही आळीपाळीने रांगा सावलीत नेत होतो, पाणी पाजून परत आणत होतो. मोजणीदार घामाने निथळत म्हणाला, "ही कवायत संपणार कधी?"

"तुमच्या नकाशात शाळा दिसली की!"

तो पोलिसाकडे बघत राहिला. पोलीस पोरांकडे बघत होता. त्यातली दोन त्याच्या बहिणीची होती, हे मला मागाहून कळलं. शेवटी मोजणीदार पायरीवर बसला, पेन्सिल काढली आणि नकाशावर एक छोटा चौकोन काढला.

गुरुजींनी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "दोन खोल्या नाहीत, साहेब. चार आहेत."

*

आता शेवटचा. ऐंशी साल उलटून गेलं होतं. शाळेपासून हाकेच्या अंतरावर एक रसायनांची कंपनी उभी राहिली होती. एका सकाळी, प्रार्थना होऊन तासही झाला नसेल, तोच तिचा भोंगा वाजू लागला आणि थांबेचना. खिडकीतून पाहिलं तर पिवळट धूर जमिनीलगत सरकत येत होता. डोळे चुरचुरायला लागले. पहिलीतलं एक पोर खोकायला लागलं, मग दहा खोकायला लागली.

गुरुजींनी मूठभर माती वर उडवली. ती आमच्याच अंगावर आली. "वारा इकडचाच आहे. बाई, टेकडी! आडव्या वाटेने!"

मी पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहिले. रुमाल, ओढणी, टोपी, ज्याच्याकडे जे होतं ते ओलं करून तोंडावर बांधलं. ओरडून सांगितलं, "रांग सोडायची नाही! आणि मी सांगेपर्यंत कोणीही तोंड उघडायचं नाही! ऐकलं?"

मोठी मुलं पुढे, मधे गुरुजी, सगळ्यात मागे मी आणि लहान मुलं. चारपाच जणांनी माझी साडी धरली होती, एकाला मी कडेवर घेतलं होतं. मागे वळून बघायचा धीर नव्हता. टेकडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा खाली शाळेचं छप्पर दिसत नव्हतं.

तोवर गावातून माणसं धावत आली. शब्बीरभाईही आले, चाकण सोडून आता गावातच राहणारे, पार म्हातारे झालेले, धापा टाकत. त्यांची नात नसीम त्याच वर्षी पहिलीत बसली होती.

मी हजेरी घ्यायला लागले. हजेरीपट खालीच राहिला होता, पण नावं पाठ होती. एकेक "हजर" आला की कुठलीतरी आई खाली बसायची. पहिलीच्या यादीत आले.

"नसीम."

कोणी बोललं नाही.

"नसीम!"

शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी कधी पाहिली नाही. गुरुजींनी टोपी काढली, नाकातोंडाला लावली आणि टेकडी उतरायला लागले. साठीला टेकलेला माणूस! कोणीतरी त्यांना धरलं, त्यांनी हात झिडकारला.

"नसीम! अगं नसीम!" माझा आवाज चिरकला. मी रांगांमधून पळायला लागले आणि पदराला मागून हिसका बसला. काट्यात अडकला असेल म्हणून सोडवायला वळले.

पदराचं टोक दोन्ही मुठीत घट्ट धरून नसीम उभी होती. शाळेपासून तशीच.

"अगं कार्टे! इतक्या हाका मारतेय, ओ का दिली नाहीस?"

तिने तोंडावरचा ओला रुमाल खाली ओढला. "बाई, तुमीच म्हणलात ना, मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई!"

आणि रुमाल परत वर बांधला.