पाळणेवाली परत येते का?

आमच्या घरात "बहुतेक" हा शब्द चालत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बोलण्यात तो ऊठसूट यायचा. बहुतेक दूध संपलंय, बहुतेक कुलूप लावलंय. वन्सं हातातलं काम थांबवून विचारायच्या, "म्हणजे लावलंय की नाही?" वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. आजकाल नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही. मीही पहिल्यांदा चिडवायलाच म्हटलं होतं. पण त्यांनी अशा ऐटीत ओ दिली की तेच नाव चिकटलं.

वन्सं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करतात. काचेची छोटी खोली, समोर माईक, आणि माईकचं बटण असं आडमुठं की बोलून होईपर्यंत अंगठ्याने दाबून धरावं लागतं. त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय. गाडी नेमकी कुठे अडकलीय हे कित्येकदा कुणालाच ठाऊक नसतं. वन्सं बटण दाबतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक चारवर येत आहे." झालं. उभे राहिलेले लोक बाकावर बसतात, पोरांना बिस्किटं देतात.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला काय माहीत, येतेय ते?"

"मला काडीचंही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक येईल म्हटलं तर अख्खं स्टँड माझ्या काचेला नाक लावून उभं राहील. येते म्हटलं की बसतात. आणि गाडी शेवटी येतेच की!"

नवरा त्यांचाच भाऊ शोभतो. तो एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहे. त्याला दिसत नाही. एक डोळा शाळेत असतानाच गेला, दुसरा नोकरी लागल्यावर, ऑपरेशन फसलं तेव्हा. पण ऐट म्हणाल तर काही विचारू नका. फोन उचलल्यावर समोरचा नुसता खाकरला तरी हा सांगतो, "हाडांचे डॉक्टर, बोला."

या दोघा भावंडांचं एक वेड आहे. व्हिज्युअल नॉव्हेल. मला लग्नाआधी हे प्रकरण ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरवर चित्र दिसतं, मागे संगीत वाजतं, खाली गोष्टीची वाक्यं येत जातात. मध्येच गोष्ट थांबते आणि आपल्याला विचारते, पत्र उघडू की नको? आपण जे निवडू त्या वाटेने पुढे जाते. वाट बदलली की शेवट बदलतो. यांची लाडकी नॉव्हेल म्हणजे "पलीकडचं स्टेशन". मूळ परक्या भाषेतली, इंग्रजीत आलेली. डोंगरातलं एक बर्फाळ गाव, बंद पडायला आलेला रोपवे, आणि त्याचे पाळणे चालवणारी एक फटकळ मुलगी. तिला आमच्या घरात पाळणेवाली म्हणतात.

खेळातली अक्षरं म्हणजे चित्रंच, नवऱ्याच्या बोलक्या फोनला ती वाचता येत नाहीत. म्हणून वन्सं वाचतात. कामावरून आल्या की स्टुलावर पाय, मांडीवर लॅपटॉप, आणि इंग्रजी वाक्यावर डोळा ठेवून तोंडातून सरळ मराठी. सगळ्यांचे आवाज त्याच काढायच्या. म्हाताऱ्या मेकॅनिकला त्यांनी आपल्या आगारप्रमुखाचा आवाज दिलाय. एकदा तो साहेब घरी आला आणि बोलायला लागला, तेव्हा नवरा हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाला होता.

अशा वेड्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी सगळे फोनवर एकत्र जमतात. ग्रुप चालवते एक दंतवैद्य बाई. भांडण लावायला एक कॉलेजकुमारी आहे, तिने स्वतःचं नाव "उपाशी मांजर" ठेवलंय. नवीन माणसाची मजा जाऊ नये म्हणून ग्रुपवर एक कडक नियम होता. शेवटाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

मग बातमी आली की "पलीकडचं स्टेशन"वर अ‍ॅनिमे येणार. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी पद्धतीची कार्टून मालिका. नियम त्याच दिवशी उठला आणि ग्रुपला ऊत आला.

जाहिरातीचं एकच चित्र आलं होतं. बर्फ, रिकामा पाळणा, आणि बर्फात पडलेला एक बूट. त्या एका बुटावर या मंडळींनी जो काथ्याकूट केला! बूट डावा की उजवा? लेस सुटलेली का? नॉव्हेलच्या चार वाटांपैकी अ‍ॅनिमेवाले कुठली घेणार? बाकी तपशील बदलले तरी चारही वाटांच्या शेवटी पाळणेवाली मरतेच. वादळात शेवटची फेरी घेऊन ती पलीकडे जाते, अडकलेल्या माणसांना परत पाठवते, आणि दोर तुटतो.

"मला वाटतं शेवट बदलतील," उपाशी मांजर म्हणाली. "नाहीतर बूट कशाला दाखवला?"

"बदलून दाखवू देत, मी माझा दवाखाना विकेन," दंतवैद्य बाई म्हणाल्या.

"बदलायची गरजच काय?" माझा नवरा म्हणाला. "पाचवा शेवट आहेच की. त्यात ती दरी उतरून चालत परत येते. बूट दरीत पडतो. दार उघडून म्हणते, उशिराबद्दल दिलगीर आहे."

माझ्यासमोर वन्सं मटार सोलत होत्या. त्यांचे हात जागच्या जागी थांबले. उशिराबद्दल दिलगीर! हे वाक्य बसस्थानकावर रोज कोण म्हणतं ते मला वेगळं सांगायला नको होतं.

"असा शेवट नाहीये, दादा," मांजर म्हणाली.

"आहे. मी ऐकलाय. पत्र उघडायचं नाही, तेल मागायला जायचं नाही आणि पुलावर 'थांबतो' म्हणायचं."

त्याच्या बोलण्यात एवढी खात्री होती की कुणाची खोटं म्हणायची छाती झाली नाही. उलट सगळ्यांनी कंबर कसली. आठवडाभर लोक पत्र न उघडता, तेल न मागता पुलावर थांबत होते आणि पाळणेवाली मरतच होती. शेवटी दंतवैद्य बाईंचा निरोप आला, तुमच्याकडच्या शेवटाचा स्क्रीनचा फोटो पाठवा.

"ताई, जरा फोटो काढून टाक गं त्यांना," नवरा म्हणाला आणि कामाला निघून गेला.

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या.

"ऑपरेशन फसलं त्या आठवड्यात आम्ही शेवटाला आलो होतो," त्या म्हणाल्या. "पट्टी काढली होती आणि त्याला माझा हातसुद्धा दिसला नव्हता. त्यात हिला मारू? नाही मारली. मनाने रचत गेले. मागे रडकं संगीत वाजत होतं, तो म्हणाला, आनंदात असं का वाजतंय? मी म्हटलं, आनंदाने रडतायत."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "आधी त्याला एकट्याला सांगा. शांतपणे."

पण वन्संना एका माणसाला एक गोष्ट सांगायची सवय नाही. त्यांना माईक लागतो. रविवारी त्या भावाच्या शेजारी बसल्या, फोन स्वतःकडे ओढला आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाल्या, "सर्वांनी लक्ष द्यावे. पाचवा शेवट अस्तित्वात नाही. तो मी रचलेला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." बोलताना त्यांचा अंगठा फोनच्या कडेवर दाबलेला होता, नसलेल्या बटणावर.

कुणीतरी फिस्सकन हसलं. नवरा उठला, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेला.

मला वन्संचा असा राग आला की हातातली कपबशी मी आपटलीच. चारचौघांत! ज्या गोष्टीवर तो आठवडाभर छाती फुगवून होता, ती चारचौघांत फोडायची?

जेवायच्या वेळी तो बाहेर आला. एवढंच विचारलं, "त्याच आठवड्यात तू मला डॉक्टरांचा रिपोर्ट वाचून दाखवला होतास. तो जसाच्या तसा वाचलास की तोही रचलास?"

"जसाच्या तसा," वन्सं म्हणाल्या.

"हेही तू खात्रीनेच सांगतेयस," तो म्हणाला. "तू सगळंच खात्रीने सांगतेस."

वन्सं ताट उचलून मोरीकडे गेल्या. त्यांना अर्ध्या जेवणातून उठलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते बघवलं नाही.

त्यानंतर घराचं तंत्रच बिघडलं. वन्संनी औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचली की नवरा माझ्याकडे तोंड करून म्हणायचा, "खरं का गं?" विजेचं बिल वाचलं, "खरं का गं?" वन्सं तिथेच उभ्या असायच्या. मी "खरं" म्हणायचे आणि मलाच चोरट्यासारखं व्हायचं. त्या स्टँडवर पूर्वीसारख्याच गरजत होत्या म्हणे. घरी मात्र मोजकं बोलायला लागल्या.

ग्रुपवर नवऱ्याने पुन्हा जायला बराच वेळ घेतला. गेला तेव्हा मांजरीने त्याची माफी मागितली. ती हसली नव्हती, पण ग्रुपतर्फे मागितली. वर म्हणाली, "दादा, तुमच्या ताईंचा शेवट मूळ शेवटापेक्षा भारी आहे. अ‍ॅनिमेवाले नक्की तसंच काहीतरी करणार, लिहून घ्या." नवरा म्हणाला, "नाही करणार. ती मरते. मला आता माहितीय."

अ‍ॅनिमे सुरू झालं. बोलणं सगळं परक्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं पळणार. नवऱ्याने फर्मान काढलं की वाचणार मी.

मी वाचलं. काय वाचलं ते विचारू नका. पात्र बोलून खोलीबाहेर गेलं तरी मी पहिल्या शब्दाशी झटत असायचे. "काय म्हणाली?" "काहीतरी म्हणाली. गेली." सगळ्यांना माझा एकच आवाज, त्यामुळे म्हातारा मेकॅनिक कुठला आणि पाळणेवाली कुठली हे त्याला कळेना. स्वयंपाकघरातून वन्संचा घसा खाकरल्याचा आवाज यायचा. एकदा मी "दोर" म्हणायच्या जागी "दोरी" म्हटलं, तेव्हा आतून भांडं पडलं.

चार भाग असे गेले आणि नवरा वैतागला. "ताई!" त्याने हाक मारली. "ये. वाच. जे लिहिलंय तेच वाच."

वन्सं हात पुसत आल्या, स्टुलावर पाय ठेवले आणि वाचायला लागल्या. जे लिहिलंय तेच. पण म्हाताऱ्याचा आवाज आगारप्रमुखाचाच निघाला, आणि नवऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला.

तरी सवय सुटली नव्हती. प्रत्येक भागानंतर तो ग्रुपवर जाऊन गोष्ट पडताळून घ्यायचा. वन्सं तेव्हा उगाच कपाट आवरायच्या.

शेवटचा भाग आला. रविवारची दुपार होती. वादळ झालं, शेवटची फेरी झाली, माणसं परत आली, दोर तुटला. वन्संचा आवाज जराही हलला नाही. पाळणेवाली गेली हे त्यांनी गाडी सुटल्याची घोषणा करावी तसं सांगितलं. नवऱ्याने मान हलवली. मी डोळे पुसले.

पण भाग संपेना. बर्फ वितळलेलं दिसलं. तिकीट खिडकी दिसली. खिडकीच्या कट्ट्यावर एक हात आला, मग दिसला एकच बूट घातलेला पाय. मी वन्संकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि शब्द फुटत नव्हता.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"बाळ्या," वन्सं म्हणाल्या, "ती परत आलीय."

नवऱ्याचा चेहरा दगडासारखा झाला. "ताई, बास."

"तिकीट खिडकीशी उभी आहे. एकच बूट आहे. म्हणतेय," वन्सं पडद्याकडे वाकल्या, "म्हणतेय, एक तिकीट द्या. परतीचं नको."

मी मध्ये बोलणार होते. पण मी जीभ चावली, कारण हा त्या दोघांतला मामला होता. कोचावर नवऱ्याचा फोन थरथरायला लागला. ग्रुपवर आरडाओरडा सुरू झाला असणार, दंतवैद्य बाईंचा दवाखाना विकायला निघाला असणार. फोनवर नुसतं बोट ठेवलं असतं तर त्याने सगळं वाचून दाखवलं असतं. आणि मी तर हातभर अंतरावर बसले होते, डोळ्यांनी ती अक्षरं बघत. तोंड माझ्याकडे वळवून "खरं का गं?" एवढंच विचारायचं होतं.

नवऱ्याने फोन उचलला आणि उशीखाली सारला.

"पुढे वाच," तो म्हणाला.

वन्सं वाचायला गेल्या. पण त्यांचे डोळे असे भरून वाहत होते की त्यांना पडदा दिसेना. पदराने पुसले, पुन्हा भरले.

"ती आता... थांब हं... बहुतेक हसतेय रे."

"बहुतेक?" नवरा म्हणाला. "म्हणजे हसतेय की नाही?"

हेही त्याने त्यांनाच विचारलं.